न्हावा-शेव्याचं भंगार, कर्जतचा कचरा

कर्जतहून सुटलेली खोपोली लोकल पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी घेत अर्ध्या तासाच्या आत खोपोलीला लागते. एवढ्याशा पट्ट्यात पुनर्वापराच्या धंद्याची दोन टोकं भेटतात. खोपोलीच्या टोकाला विजेच्या भट्टीत भंगार वितळवून पोलाद करणारा कारखाना आहे. साठच्या दशकात फ्रेंच सहकार्याने उभा राहिलेला महिंद्रा युजीन, जुन्या माणसांच्या तोंडी मुस्को, आता जपानी मालकीचा सान्यो. कर्जतच्या टोकाला फार्महाऊस आहेत, रिसॉर्ट आहेत, पावसाळ्यात धबधब्यांवर लोटणारी मुंबईची गर्दी आहे आणि सोमवारी सकाळी ओढ्याकाठी उरलेला तिचा कचरा आहे. देशभरातल्या भट्ट्यांना भंगार कमी पडतं म्हणून ते न्हावा-शेवा बंदरात परदेशातून उतरतं. कर्जतच्या ओढ्याकाठच्या मालाला मात्र गिऱ्हाईक नाही.

मग बाहेरचा माल अडवला की घरचा आपोआप उचलला जाईल का? गेल्या काही वर्षांत सरकारांनी, आपल्या आणि परक्या, याच भरवशावर दारं लावली. हा हिशेब खरा की खोटा, यावर या पट्ट्यात दोन ठाम मतं ऐकू येतात. ती मी इथे मामा-भाचीच्या तोंडी घातली आहेत. मामा भट्टीच्या स्क्रॅप यार्डात उमेदीची वर्षं काढून आता हायवेवर भंगाराचा धंदा करतात. भाची कर्जतजवळ सुक्या कचऱ्याच्या शेडवर बायकांच्या गटाबरोबर काम करते. दोघं कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे मात्र नाहीत.

भाची : मामा, आपलेच ढीग उपसायला माणसं पुरत नाहीत. वर दुसऱ्याचा कचरा आपण पैसे मोजून आणायचा?

मामा : पैसे मोजून आणतो ना? मग तो कचरा नव्हे, माल. टनाचा भाव ठरतो, बँकेत एलसी म्हणजे पतपत्र उघडतं, जहाजाचं भाडं पडतं, बंदरावर तपासणी होते. एवढं करून कुणी घाण आणत नाही गं. भट्टीवाल्याला माहीत असतं त्याने काय मागवलंय. एचएमएस म्हणजे जाड भंगार, श्रेडेड म्हणजे यंत्रात चिरलेल्या गाड्या, बंडल म्हणजे दाबलेला पत्रा, टर्निंग म्हणजे लेथचा चुरा. प्रत्येकाचा भाव वेगळा, भट्टीत टाकायचं प्रमाण वेगळं.

भाची : लोखंडाचं म्हणताय तुम्ही. कागदाच्या गासडीचं बोला. मुझफ्फरनगरच्या कागद गिरण्यांपाशी अमेरिकेतल्या घरोघरच्या पार्सलची प्लास्टिकची वेष्टनं ढिगाने सापडली, 2022 ला बातमी जगभर गेली. गिरणीने पैसे कागदाचे मोजले, आत प्लास्टिक आलं आणि ते तिथल्याच उसाच्या शेतांच्या कडेला जळलं. पैसे गासडीतल्या चांगल्या भागाचे जातात. वाईट भाग फुकट येतो, आणि तो परत कुणी नेत नाही.

मामा : म्हणून गासडी नीट तपासा. गिरणी बंद करू नका.

भाची : तपासणार कोण? बंदरात रोज हजारो कंटेनर उतरतात.

इथे मला न्हावा-शेव्याचीच एक हकिगत मध्ये घालावीशी वाटते, कारण ती आपल्या रायगड जिल्ह्यातली आहे आणि जिल्ह्यालाच तिचा विसर पडला आहे. धोकादायक कचऱ्याच्या आयातीवर 1995 साली सर्वोच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली. तिची सुनावणी दशकभर चालली, प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली गेली, आणि त्या ओघात न्हावा-शेव्याला अडकून पडलेले तेलाचे 133 कंटेनर न्यायालयापुढे आले. कागदोपत्री ते वंगणाचं तेल होतं. प्रत्यक्षात ते वापरून झालेलं, धोकादायक ठरलेलं टाकाऊ तेल निघालं. जानेवारी 2005 मध्ये न्यायालयाने ते आयातदारांच्या खर्चाने तळोज्याच्या धोकादायक कचरा केंद्रात जाळून नष्ट करायला सांगितलं. तळोजा पनवेल तालुक्यात, म्हणजे खोपोलीच्या खालापूर तालुक्याच्या शेजारीच. ज्या देशांतून ते तेल आलं तिथे ते परत गेलं नाही. त्याचा शेवट रायगडातच झाला. खर्च आयातदारांवर टाकला हे योग्यच होतं, पण धूर त्यांच्या अंगणात गेला नाही. आयातीवर निर्बंध हवेत असं म्हणणाऱ्यांच्या बाजूचा याहून भक्कम पुरावा मला ठाऊक नाही, आणि भाचीच्या म्हणण्याकडे माझा कल आहे तो मुख्यतः त्यामुळे.

मामांनाही ही हकिगत ठाऊक आहे. त्यांचं उत्तरही तयार असतं.

मामा : ती फसवणूक होती. फसवणुकीला आधीपासून कायदा आहे. धोकादायक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवरचा बाझल करार 1989 चा, आपण 1992 ला त्यावर शिक्का मारला. लोखंडात तर आम्ही रक्त सांडून शिकलो. 2004 साली साहिबाबादला बाहेरून आलेल्या भंगारात जिवंत तोफगोळे निघाले, भट्टीपाशी स्फोट झाला, दहा कामगार गेले. त्यानंतर जहाजात चढवण्याआधीच तपासणीचा दाखला, ठरावीक बंदरं, किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं हे सगळं कडक झालं. लोखंड कुणी बंद केलं नाही, त्याच्यावर नजर ठेवली. तेच इतर मालाला का नको?

भाची : लोखंडाला नजर पुरते, कारण लोखंड सगळंच्या सगळं वितळतं. प्लास्टिकच्या गासडीत दहा जातींचं प्लास्टिक असतं, त्यातल्या दोन-तीन जाती वितळवून त्यांचा पुन्हा दाणा होतो. बाकीचं काय करता?

मामा गप्प बसत नाहीत, पण विषय चीनकडे नेतात. ते योग्यही आहे, कारण हा सगळा वाद तिथून पेटला. चीन 2016 साली सुमारे 73 लाख टन टाकाऊ प्लास्टिक बाहेरून घेत होता. 1992 पासून जगात जेवढं टाकाऊ प्लास्टिक सीमा ओलांडून गेलं त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या चीनने घेतलं. जुलै 2017 मध्ये त्याने जागतिक व्यापार संघटनेला कळवलं की आता पुरे. 1 जानेवारी 2018 पासून 24 प्रकारच्या कचऱ्यावर बंदी आली. त्यात घरगुती प्लास्टिक होतं आणि न निवडलेला कागदही. उरलेल्या मालात भेसळ अर्ध्या टक्क्याहून जास्त चालणार नाही, असंही ठरलं. 2021 उजाडताना घनकचऱ्याची आयातच बंद झाली.

मामा : बंदीने चीनमधले पुनर्वापराचे कारखाने वाढले का? अर्धे मलेशियात, थायलंडमध्ये, व्हिएतनाममध्ये गेले. इकडे कागदाचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. रद्दी बंद केली तरी चीनच्या पेट्यांच्या कारखान्यांना लगदा लागतोच. मग त्यांनी आपल्याकडून क्राफ्ट कागदाची रिळं घ्यायला सुरुवात केली. इकडच्या गिरण्यांनी रद्दी धुवायची, शाई-गोंद-प्लास्टिक काढायचं, घाण पाणी इथे सोडायचं, आणि साफ रीळ तिकडे पाठवायचं, तिकडे ते परत भिजवून त्याचा लगदा. घाणीचं काम आपल्या पदरात, माल त्यांच्या. बंदीने कचरा संपला नाही बाय, त्याची वाट बदलली.

भाची : हे मात्र खरं बोललात.

मामा : आणि त्याच वेळी कोरोनात लोकांनी पेपर बंद केले, ऑफिसं-शाळा बंद पडल्या, रद्दी निघेना. पुठ्ठ्याच्या पेट्या करणारे रडकुंडीला आले. महाग झालेलं खोकं शेवटी आंबेवाल्यालाच भरायला लागलं ना?

भाची : आणि त्याच वर्षी रद्दी विकणाऱ्या बाईला पहिल्यांदा बरा भाव मिळाला, ते का नाही सांगत?

हा या वादाचा गाभा आहे, आणि दोघंही त्याला वेगवेगळ्या बाजूने हात घालतात. आयात स्वस्त असते तेव्हा गिरणीचं, भट्टीचं भलं होतं, आणि देशातल्या कचरा वेचणाऱ्याचा भाव पडतो. आयात अडली की उलट. हे साधं वाटतं, पण पुनर्वापराच्या धोरणावर बोलणारे बहुतेक जण यातली एकच बाजू सांगतात. उद्योगाच्या सभेत भाव वाढला की ते संकट असतं. शेडवर भाव वाढला की त्या आठवड्यात मुलांच्या वह्या येतात. वेचणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट पक्की आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने 2017 साली पाण्याच्या आणि शीतपेयांच्या पेट बाटल्यांचा अभ्यास केला, तेव्हा भारतात जवळपास 90 टक्के बाटल्या पुन्हा वापरात येतात असं दिसलं. बऱ्याच श्रीमंत देशांना हा आकडा जमलेला नाही. तो आपल्याला कुठल्या यंत्राने मिळवून दिला नाही, बाटलीला भाव होता म्हणून मिळाला. कर्जतच्या ओढ्यातली बाटली एखादी कातकरी पोर उचलते ती तिला किलोमागे काही मिळतं म्हणून. बाहेरून पेटचा चुरा स्वस्त आला की पहिला फटका त्या किलोला बसतो.

म्हणून केंद्र सरकारने 2019 मध्ये नियम बदलून टाकाऊ प्लास्टिकची आयात पूर्ण बंद केली, विशेष आर्थिक क्षेत्रांनाही सूट ठेवली नाही, हे मला बरोबर वाटतं. त्या वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबात देशातच साधारण 35 लाख टन प्लास्टिक कचरा तयार होत होता. घरात एवढा ढीग असताना शेजारचा ढीग विकत घेण्याला अर्थ नाही.

पण मामांचा पुढचा प्रश्न टाळता येत नाही.

मामा : ठीक आहे. 2019 ला बंद केलं. आज तुझ्या शेडवरचं काय काय उचललं जातं, सांग.

भाची : बाटल्या जातात. जाड डबे, बादल्या, खुर्च्या जातात. दुधाच्या पिशव्या जातात. पुठ्ठा जातो.

मामा : आणि रॅपर?

भाची : रॅपर पडून राहतात.

मामा : बघ. बंदी येऊन एवढी वर्षं झाली. चिप्सच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या तिथेच. बंदीने त्यांना गिऱ्हाईक दिलं?

भाची : नाही दिलं. एका पुडीत प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि अ‍ॅल्युमिनिअमची चमक. ते थर सुटे होत नाहीत. सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवायचे तर ट्रक भरतो आणि काटा हलत नाही. भाडं मालापेक्षा जास्त.

मामा : मग दाण्याची मशीन लावा कर्जतमध्येच.

भाची : लावा म्हणणं सोपं आहे. माथेरानभोवतीचा पट्टा 2003 पासून संवेदनशील क्षेत्र आहे. कर्जत-खालापूरची किती गावं त्यात येतात. तिथे धूर-पाणी सोडणारा कारखाना नको, आणि तो नकोच. पण कचरा करणारी रिसॉर्टं तिथे चालतात. कचरा इथे होणार, त्याचं काम दुसरीकडे, आणि दोहोंच्या मधलं भाडं कुणीच देणार नाही.

भाची हे बोलते तेव्हा तिला एक उदाहरण आधार देतं. रामदास कोकरे वेंगुर्ला नगरपरिषदेचे मुख्याधिकारी असताना तिथे कचऱ्याचं दोन डझनांच्या आसपास प्रकारांत वर्गीकरण व्हायला लागलं, कचरा डेपोची जागा लोक बघायला येतील अशी झाली. पुढे त्यांची बदली कर्जतला झाली आणि कर्जतनेही ती शिस्त पाहिली. या दोन गावांनी सिद्ध केलेली गोष्ट साधी आहे. घरात वेगळा केलेला कचरा माल असतो, एकत्र केलेला नसतो. प्लास्टिक वेगळं झालं तर त्यातलं काही रस्त्याच्या डांबरात जातं, काही दाण्याला जातं. पण ही शिस्त एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर टेकलेली असते आणि अधिकारी बदलतो. आयातबंदीचा कागद दिल्लीत निघतो, तो एका दिवसात देशभर लागू होतो. ओला-सुका वेगळा करण्याची सवय रोज सकाळी नव्याने लावावी लागते, आणि तिच्यासाठी नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात जेमतेम तरतूद असते. बंदी घालणं आणि गोळा करणं यांच्या वेगातली ही तफावत हीच मला आपल्या धोरणातली खरी खोट वाटते.

आता लोखंडाकडे. इथे मामा अधिकाराने बोलतात आणि भाचीने ऐकावं असं बरंच त्यांच्याकडे आहे.

मामा : भट्टीत पोलाद शिजताना फॉस्फरस काढता येतो, सिलिकॉन काढता येतं. तांबं नाही निघत. ऑक्सिजन मारला तर लोखंड आधी जळतं, तांबं तसंच राहतं. कथीलही तसंच. ते मुरत जातं. या वेळचं पोलाद उद्याचं भंगार होणार, त्यात अजून थोडं तांबं. मग लाल तापलेला बिलेट, म्हणजे पोलादाचा लांब ठोकळा, रोलमधून काढला की त्याच्या अंगावर बारीक भेगा पडतात. घराच्या सळईला ते एक वेळ चालतं. गाडीचं गिअर, बेअरिंग, अ‍ॅक्सल करायचं पोलाद असेल तर अख्खी हीट, म्हणजे भट्टीतला सगळा घाणा, वाया. म्हणून खोपोलीसारख्या ठिकाणी भंगार घेताना विचारतात, यात काय काय आहे? बाहेरच्या मालाबरोबर त्याचा दर्जा लिहून येतो. आपल्या गल्लीतल्या भंगारात पंख्याची मोटर, सायकल, पत्र्याचा डबा आणि तुटका नळ एकाच पोत्यात.

भाची : पण मामा, मोटर पोत्यात राहते कुठे? कर्जतच्या कुठल्याही भंगारवाल्याकडे जा. दोन पोरं बसून मोटर फोडतात, तांब्याची तार हाताने काढतात, कारण तांब्याला लोखंडाच्या कित्येक पट भाव आहे. तिकडे अमेरिकेत अख्खी गाडी यंत्रात टाकून चिरतात. चुंबक लोखंड उचलतो, त्याला गुंडाळलेली तार लोखंडाबरोबर येते. तुमचं तांबं नेमकं त्या श्रेडेडमधून येतं. हाताने निवडलेलं आपलं भंगार उलट जास्त साफ.

मामा थोडा वेळ विचार करतात. हा मुद्दा धातुशास्त्राच्या पुस्तकातही मान्य आहे. हाताने सुटं केलेल्या भंगारात तांबं कमी राहतं, यंत्राने चिरलेल्यात जास्त. आपल्या असंघटित भंगार बाजाराला आपण अडगळ म्हणतो, पण पोलादाला लागणारी एक महागडी सेवा तो करतो, आणि त्या सेवेचा मोबदला त्याला कुणी देत नाही.

मामा : साफ असेल. पण किती? भट्टीच्या एका हीटला लागतो तेवढा माल जमवायला खोपोली ते नेरळ सगळ्या दुकानांना किती दिवस लागतील? आणि तो रोज लागतो. गाडी भंगारात निघते ती कुर्ल्याला जाते, जहाज दारूखान्याला नाहीतर अलंगला. वाडा, जालना, सगळीकडे भट्ट्या भंगाराला तोंड वासून बसल्यात. जालन्यात तर सळईच्या कारखान्यांचं गावच आहे. देशात निघतं ते पुरत नाही, म्हणून बाहेरून येतं.

आकडे मामांच्या बाजूने आहेत. 2023 साली भारताची पोलादी भंगाराची आयात एक कोटी टनांच्या पुढे गेली. त्या वर्षी तुर्कस्तानानंतरचे सर्वात मोठे खरेदीदार आपणच होतो. सरकारनेही 2021 च्या अर्थसंकल्पात त्यावरची जकात उठवली आणि ती सूट पुढे वाढवत नेली. 2019 च्या राष्ट्रीय भंगार धोरणातच हिशेब दिला आहे की एक टन भंगार वापरलं की 1.1 टन लोहखनिज, 630 किलो कोकिंग कोळसा आणि 55 किलो चुनखडी वाचते. म्हणजे एकाच सरकारने एकाच वर्षात प्लास्टिकला दार लावलं आणि लोखंडासाठी पायघड्या घालायला सुरुवात केली. यात विसंगती शोधणाऱ्यांशी मी सहमत नाही. दोन माल वेगळे आहेत. लोखंड कितीही वेळा वितळलं तरी लोखंडच राहतं. प्लास्टिकचा दाणा प्रत्येक फेरीत उतरत जातो आणि शेवटी तो कुठल्या तरी नाल्यात किंवा भट्टीत थांबतो. आयातीचा निर्णय करताना विचारायचा प्रश्न माझ्या मते एवढाच : या मालातलं जे वापरता येणार नाही ते कुणाच्या अंगणात पडणार? अर्थात लोखंडही सर्वस्वी निर्दोष नाही. विजेच्या भट्टीच्या धुरातून जी धूळ पकडतात तिच्यात जस्त आणि शिसं असतं, ती कायद्याने धोकादायक कचऱ्यात मोडते. ती धूळ नीट विल्हेवाटीला गेली नाही तर खोपोलीजवळच्या पाताळगंगा नदीच्या पाण्याला तिची झळ लागते. परंतु ती मोजता येते, पिशवीत भरता येते, तिचा मालक ठाऊक असतो. चिप्सच्या पुडीचा मालक ठाऊक असूनही सापडत नाही.

आता हा वाद नव्या वळणावर आला आहे. आजवर घेणारे देश दार लावत होते, आता देणारेही लावू लागले आहेत. युरोपीय संघाने कचरा पाठवण्याचे नवे नियम मे 2024 मध्ये लागू केले. त्यानुसार श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटाबाहेर टाकाऊ प्लास्टिक पाठवणं नोव्हेंबर 2026 पासून थांबणार आहे, आणि मे 2027 पासून इतर बिनधोक कचरा, ज्यात भंगार आणि रद्दी आली, फक्त यादीतल्या देशांना मिळणार. यादीत यायचं तर तो कचरा आपण पर्यावरण राखून हाताळतो हे दाखवावं लागेल, आणि माल घेणाऱ्या कारखान्याची स्वतंत्र तपासणीही करून घ्यावी लागेल. संयुक्त अरब अमिरातींनी आपल्या भंगाराच्या निर्यातीवर शुल्क बसवलं. ज्यांच्याकडे भंगार आहे त्या सगळ्यांना आता कमी धुराचं पोलाद करायचं आहे आणि त्यासाठी ते भंगार घरीच हवं आहे.

मामा : हे दिसतंय मला. काल म्हणत होते घेऊन जा, आज म्हणतात दाखला आणा. त्यांना आमची काळजी नाही, त्यांना माल ठेवायचाय.

भाची : असेल. पण दाखला मागितला तर वाईट काय? तुमच्या यार्डात कामगारांना हातमोजे असतात का, गॅसने कापताना चष्मा असतो का, हे आजवर कुणी विचारलं नाही. बाहेरचा गिऱ्हाईक विचारणार असेल तर विचारू दे.

मामा : मोठ्या कारखान्याला परवडेल तपासणी. माझ्यासारख्या दुकानदाराला? माझ्याकडून माल घेणाऱ्या वाड्याच्या छोट्या भट्टीला? कागद करणारे कागद करतील, बाकीचे बंद होतील.

भाचीकडे याचं सोपं उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. नियम जेवढा कडक तेवढा धंदा मोठ्यांच्या हातात जातो, हे आपण इतर धंद्यांत पाहिलं आहे. पण कागदांवरचा मामांचा अविश्वास भाचीच्या बाजूलाही लागू पडतो, हे तिला मान्य करावं लागतं. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राने प्लास्टिकचं वेष्टन वापरणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली. पुनर्वापर करणारा प्रमाणपत्र देईल, कंपनी ते विकत घेईल, असा तो व्यवहार. दुसऱ्याच वर्षी तपासणीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या काही कारखान्यांनी सहा लाखांहून जास्त खोटी प्रमाणपत्रं काढल्याचं उघड झालं. न उचललेल्या रॅपरचे उचलल्याचे पैसे दिले-घेतले गेले. कर्जतच्या शेडवरची बाई जे पुडकं रोज बाजूला काढते आणि ज्याचा तिला एक पैसा मिळत नाही, त्याच पुडक्याच्या नावाने कुठेतरी व्यवहार पुरा झाला. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त राग याचाच येतो.

मामा : मग तू सांग, तुझ्या हातात दिलं तर काय करशील?

भाची : प्लास्टिक बाहेरून येऊ देणार नाही. एक गासडीसुद्धा नाही. लोखंड येऊ देईन, तपासून. कागदाचं, गासडीत भेसळ सापडली तर अख्खा कंटेनर त्याच जहाजाने परत, आणि भाडं पाठवणाऱ्याने भरायचं.

मामा : जहाजवाला थांबत नाही तुझ्यासाठी.

भाची : थांबवा. एकदा थांबवलं की दुसऱ्यांदा गासडी साफ येईल.

मामा : आणि आपलं घरचं भंगार?

भाची : ते तुम्ही घ्यायचं. शेडवर महिन्याला थोडा पत्रा, थोडं बीड, थोडं अ‍ॅल्युमिनिअम जमतं. तुम्ही सगळ्याचा एकच मिसळ भाव देता. आम्ही निवडून देतो तर जातीप्रमाणे भाव द्या. तुमच्या यार्डात ते पुन्हा कुणी निवडणार आहे का? नाही. मग निवडण्याचं काम आमच्या बायकांनी केलं, त्याचे पैसे कुणाच्या खिशात जातात?

मामा : देईन. जातीप्रमाणे देईन. पण वर्षभराचा भाव बांधून मागू नकोस. लंडनला तांबं हललं, तुर्कस्तानने खरेदी थांबवली, की माझा भाव इथे हलतो. मला भट्टीवाला बांधून देत नाही.

भाची : मग तुम्ही त्याच्याकडे मागा. 2027 ला युरोपचा माल अडला तर त्याला तुमची गरज पडेल. आज तुम्ही त्याच्या दारात उभे राहता, तेव्हा तो तुमच्या दारात येईल. खाली ठरावीक दर ठेवा, बाजार चढला तर चढलेला, उतरला तर किमान तेवढा. दुधाला किमान भाव मागतोच ना आपण?

मामा : विचारून बघतो. हो म्हणेल असं नाही.

भाची : विचारा तरी.

मामा : आणि तुझे ते रॅपर? ते मी घेणार नाही हो, आधीच सांगतो.

भाची : तुमच्याकडे मागतच नाही. प्रत्येक पुडीवर कंपनीचं नाव छापलेलं आहे. आम्ही नावाप्रमाणे पोती भरून ठेवणार आहोत. नगरपरिषदेने वजन करून बिल लावायचं, नेण्याच्या भाड्यासकट. प्रमाणपत्र नको, ट्रक पाठवा म्हणावं.